रोशा तेल : वजनावर नव्हे, गुणावर विकावे

भाद्रपद सरून आश्विन लागला, की सातपुड्याच्या उतारांवर आणि खानदेशातील मुरमाड टेकड्यांवर रोशा गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे तुरे पिवळसर होऊन पुढे तांबूस रंगावर जातात आणि त्या गवतातून चालत गेलेल्या माणसाच्या धोतराला वा लुगड्याला गुलाबासारखा वास लागून राहतो. विदर्भात ह्याच गवताला तिखाडी म्हणतात. संस्कृत वैद्यक ग्रंथांत त्याचे नाव रोहिष असे आहे. ह्या गवताचे तेल आपल्या भागात पिढ्यानपिढ्या गाळले जात आहे आणि अलीकडे अनेक शेतकरी त्याची मुद्दाम लागवडही करू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि ह्या धंद्यात उतरणाऱ्या बहुसंख्य शेतकरी बंधूंना, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनाही, एका साध्या प्रश्नाचे उत्तर नीट ठाऊक नसते. तो प्रश्न असा : गिऱ्हाईक आपल्याकडून नेमके काय विकत घेते?

ह्याचे उत्तर ‘गवताचे तेल’ असे नाही. गिऱ्हाईक विकत घेते ते त्या तेलातील जिरॅनिऑल नावाचे द्रव्य. ही एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे बियाणे कोणते घ्यावे, कापणी केव्हा करावी, भट्टी कशी असावी, तेल कशात साठवावे आणि विक्री कशी करावी, ह्या सर्वांची उत्तरे आपोआप हाती येतात. ती ध्यानी घेतली नाही, तर कष्ट पुरे होऊनही मोबदला अपुरा मिळतो. हेच येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

तेलातील खरा माल

चांगल्या रोशा तेलात शेकडा ७५ ते ८५ भाग जिरॅनिऑल असते. उरलेल्या भागात मुख्यतः जिरॅनिल ॲसिटेट आणि थोड्या प्रमाणात लिनॅलूल इत्यादी सुगंधी द्रव्ये असतात. जिरॅनिऑलचा एक रेणू १० कार्बन, १८ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन एवढ्या अणूंचा बनलेला असतो. रसायनशास्त्रात त्याची गणना अल्कोहोल वर्गात होते. मात्र ते दारूतील अल्कोहोलसारखे पाण्यात मिसळून जात नाही. ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते. गुलाबाच्या अत्तरातही हेच द्रव्य असते आणि गुलाबाच्या वासात त्याचा वाटा मोठा आहे. गुलाबाचे १ किलो तेल मिळविण्यास सुमारे ३ ते ४ टन फुले लागतात, तर १ टन ओल्या रोशा गवतापासून ३ ते ५ किलो तेल निघते. गुलाबाच्या जातीचा वास स्वस्तात हवा असलेला कारखानदार आपल्या माळरानाकडे का वळतो, हे ह्यावरून कळेल.

ह्या द्रव्याचे सोयरेही ओळखीचे आहेत. जिरॅनिऑलच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतले, तर सिट्रल तयार होते. आपल्या परसातील गवती चहाला जो लिंबासारखा वास येतो, तो सिट्रलचाच. रोशा आणि गवती चहा ही दोन्ही गवते एकाच कुळातील भावंडे आहेत आणि त्यांची सुगंधी द्रव्येही अशी एकमेकांच्या जवळची आहेत. जिरॅनिऑलचा संयोग ॲसेटिक आम्लाशी झाला म्हणजे जिरॅनिल ॲसिटेट बनते. त्याचा वास अधिक फळासारखा व गोडसर असतो. मधमाश्यांच्या शरीरातील एका ग्रंथीतून जो गंध निघतो आणि ज्याच्या आधाराने भरकटलेल्या माश्या पोळ्याकडे परततात, त्यातही जिरॅनिऑल आहे.

ह्या तेलाचा उपयोग साबण, अंगाला लावावयाची पावडर, अगरबत्ती, अत्तरे आणि तंबाखू सुगंधित करण्यासाठी होतो. डास दूर ठेवणाऱ्या काही मलमांत व फवाऱ्यांतही जिरॅनिऑल घालतात. साबण धंद्यात त्याला विशेष मान आहे, कारण साबणातील क्षारामुळे ज्या अनेक नाजूक सुगंधांचा नाश होतो, त्यांच्या मानाने हे द्रव्य टिकाऊ ठरते.

माल आपला, नाव दुसऱ्याचे

हे ज्ञान नवे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन ह्यांनी १८७१ साली जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले, ते हिंदुस्थानातून गेलेल्या अशाच गवताच्या तेलातून. त्या काळी पश्चिम खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे ह्या भागांत, तसेच मेळघाट, बैतूल व निमाडच्या जंगलपट्टीत ओढ्याच्या काठी भट्ट्या लागत. तेथील तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात इस्तंबूलला जाई आणि युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरेनियम तेल’ ह्या नावाने विकले जाई. तुर्कस्तानात हे गवत तेलासाठी पिकत नव्हते. तेथील व्यापारी आपल्या तेलावर लिंबाच्या रसाची प्रक्रिया करीत, ते उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवीत आणि बल्गेरियातील गुलाबाच्या महाग तेलात त्याची भेसळ करीत. काही ठिकाणी तर भट्टीत भरण्यापूर्वी गुलाबाच्या फुलांवरच ते शिंपडले जाई.

ह्या इतिहासातून एक धडा घेण्यासारखा आहे. आपल्या तेलात गुलाबाशी नाते सांगणारे द्रव्य किती आहे, हे दुसऱ्यास ठाऊक होते; आपल्यास नव्हते. म्हणून आपण गवताच्या भावाने दिले आणि त्याने अत्तराच्या भावाने विकले. आजही जो शेतकरी आपल्या तेलाची परीक्षा न करविता पिंप उचलून देतो, तो त्याच जागी उभा आहे.

मोतिया आणि सोफिया

रोशा गवताचे दोन प्रकार आहेत. एकास मोतिया म्हणतात व दुसऱ्यास सोफिया. दोन्ही दिसावयास इतके सारखे, की वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्यांना एकाच जातीत घातले आहे. मोतिया बहुधा पाण्याचा निचरा होणाऱ्या, उघड्या उतारांवर वेगवेगळ्या ठोंबांनी वाढतो. सोफियास खोलगट, ओलसर जागा मानवते आणि तो दाट वाढतो. परंतु तेलात मात्र मोठे अंतर आहे. मोतियाच्या तेलास गुलाबी वास येतो. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण पुष्कळ कमी असते आणि इतर उग्र द्रव्ये मिसळलेली असल्यामुळे त्याचा वास आल्याकडे झुकतो. बाजारात त्याला जिंजर-ग्रास तेल म्हणतात ते ह्यामुळेच, आणि त्याचा भावही हलका असतो.

एका डोंगराळ गावी मी काम करीत असताना घडलेली गोष्ट सांगतो. तेथील बाया-पुरुषांनी चार दिवस राबून टेकडीवरचे गवत कापले. शेवटच्या दिवशी भट्टी भरण्यास थोडे कमी पडले, म्हणून नाल्याच्या काठचे दाट गवतही त्यातच घातले. तेल भरपूर निघाले आणि सर्वांस आनंद झाला. व्यापाऱ्याने बाटली उघडून वास घेतला आणि झाकण पुन्हा लावले. त्याने सांगितलेला भाव ऐकून मंडळींना वाटले, की तो आपणांस फसवीत आहे. मलाही तसेच वाटले आणि मी त्यांच्या बाजूने भांडलो. पुढे त्या तेलाची तपासणी करविली, तेव्हा जिरॅनिऑल निम्म्याच्या थोडेसेच वर भरले. चार दिवसांचे चांगले गवत अर्ध्या दिवसाच्या हलक्या गवताने बुडविले होते. दोष व्यापाऱ्याचा नव्हता, अडाणी म्हणून गावकऱ्यांचाही नव्हता. जो सांगावयास तेथे नेमलेला होता, त्याने सांगितले नव्हते.

ह्यास्तव रानातील गवत कापताना प्रत्येक जागेचे पान व तुरा हातावर चोळून वास घ्यावा आणि शंका आली तर ते गवत बाजूस ठेवावे. लागवड करावयाची असल्यास रानातून गोळा केलेले बी वापरू नये, कारण मोतिया व सोफिया ह्यांचे बी डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाही. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृप्ता, तृष्णा, पीआरसी-१, वैष्णवी इत्यादी सुधारित वाण दिले आहेत. त्यांचे बी खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावे.

कापणीची वेळ

सोन्यासारखे बी लावूनही कापणीची वेळ चुकली, तर गुण हातचा जातो. रोशाच्या दांड्यात तेल जवळजवळ नसते. ते पानांत आणि विशेषतः तुऱ्यात असते. त्यातही तुऱ्याच्या वयाप्रमाणे तेलाची घडण बदलते. न उमललेल्या कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल ॲसिटेटचा भाग मोठा असतो. तुरा उमलून पक्व होऊ लागला, की वनस्पतीतील विकरे त्या ॲसिटेटचे रूपांतर जिरॅनिऑलमध्ये करतात. म्हणजे आपण ज्या द्रव्याचे पैसे घेतो, ते शेतात शेवटच्या काही दिवसांत तयार होत असते. ह्याच्या उलट, बी पूर्ण पिकून झडू लागेपर्यंत थांबल्यास तेलाचा उतारा घटतो. म्हणून तुरे पूर्ण उमलल्यानंतर सुमारे ७ ते १० दिवसांत कापणी करणे हिताचे असते. मजूर आज मोकळे आहेत म्हणून आठवडाभर अगोदर कापणे, अथवा भट्टी रिकामी नाही म्हणून पंधरवडा लांबविणे, ह्या दोहोंतही नुकसान आहे.

कापलेले गवत सावलीत पातळ पसरून थोडे सुकविल्यास भट्टीत अधिक मावते आणि जळणही वाचते. परंतु ओले गवत ढिगाने रचून ठेवले, तर ते आतून तापते, कुजू लागते आणि तेल बिघडते.

भट्टी कशी असावी

जिरॅनिऑल स्वतंत्रपणे उकळावयाचे तर सुमारे २३० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते आणि एवढ्या आचेवर गवत करपून जाईल. परंतु पाण्याच्या वाफेच्या संगतीत ते १०० अंशांच्या आतच वर येते. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब एकत्र होतो आणि त्या जोरावर तेल वाफेबरोबर निघून जाते. थंड नळीतून जाताना दोन्हींचे पुन्हा द्रव होते, तेल वर तरंगते आणि पाणी खाली राहते. भट्टीचे सारे रहस्य एवढेच आहे.

आपल्या जुन्या भट्टीत गवत व पाणी एकाच भांड्यात घालून खालून जाळ घालीत. त्यात तळाचे गवत करपून तेलास जळका वास येई. शिवाय गवत उकळत्या पाण्यात बुडून राहिल्यामुळे ॲसिटेटसारखी नाजूक द्रव्ये फुटत. ह्यावर साधा उपाय म्हणजे भांड्यात जाळी बसवून गवत पाण्याच्या वर ठेवणे. त्याहून चांगली व्यवस्था म्हणजे वेगळ्या बॉयलरमधून वाफ आणणे. भांडे गंजणाऱ्या लोखंडाचे नसून स्टेनलेस स्टीलचे असावे, कारण लोखंडाच्या गंजाने तेलाचा रंग काळवंडतो. थंडावा देणारे पाणी पुरेसे वाहते ठेवावे. नळीतून गरम धार आली, तर तेल वाफेवाटे उडून जाते. ह्या तेलाच्या भट्टीस घाईही चालत नाही आणि आळसही चालत नाही. साधारणपणे २ ते ३ तासांत एक भरणा पुरा होतो. उरलेला चोथा जळण म्हणून किंवा शेतात आच्छादन म्हणून उपयोगी पडतो.

साठवण आणि परीक्षा

तेल वेगळे काढल्यानंतर त्यात पाण्याचा अंश राहू देऊ नये. ते गाळून, स्वच्छ व कोरड्या ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. काठोकाठ भरावयाचे कारण असे, की हवेतील प्राणवायूने जिरॅनिऑल हळूहळू बदलते. त्यापासून बनणारी द्रव्ये वास बिघडवितात, इतकेच नव्हे तर काही माणसांच्या कातडीस खाजही आणतात. युरोपातील कायद्याने प्रसाधनांवर जिरॅनिऑलचे नाव छापणे आवश्यक केले आहे ते ह्याच कारणासाठी. भट्टीवर काम करणाऱ्यांनी निर्भेळ तेल अंगास चोळू नये, आणि लहान मुलांच्या हाती तर ते मुळीच देऊ नये.

तेलाची साधी परीक्षा घरीही करता येते. कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावा. शुद्ध तेल उडून जाते. खाद्य तेलाची भेसळ असल्यास चिकट डाग मागे राहतो. प्रयोगशाळेत ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये तेल विरघळवून पाहतात. चांगले रोशा तेल आपल्या दुप्पट-तिप्पट अल्कोहोलात स्वच्छ विरघळते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन मिसळलेले तेल गढूळ दिसते. जिरॅनिऑलचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते, आणि आज गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राने तेलातील प्रत्येक घटक वेगवेगळा मोजता येतो. मोठा खरेदीदार ही तपासणी करतोच. मग तीच तपासणी विकणाऱ्याने अगोदर करवून का घेऊ नये? एका शेतकऱ्यास प्रत्येक खेपेस हा खर्च झेपणार नाही. परंतु दहा-वीस शेतकऱ्यांचा गट वा सहकारी संस्था प्रत्येक घाण्याचा नमुना वेगळा ठेवून, एकसारखे तेल एकत्र करून, त्याचा एक दाखला सहज मिळवू शकेल. भावाची बोलणी दाखला हाती असताना करावी. पिंप दुसऱ्याच्या गाडीत चढल्यानंतर नव्हे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे कोणी विचारील, की जिरॅनिऑल कारखान्यातही बनते, मग शेतकऱ्याने ह्या फंदात का पडावे? आक्षेप खरा आहे आणि तो लपवून ठेवणे योग्य नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टर्पेंटाइनमधील पायनीनपासून, तसेच खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांपासून जिरॅनिऑल मोठ्या प्रमाणावर तयार होत आले आहे. ते स्वस्त असते आणि त्यामुळे रोशा तेलाच्या भावाला वरून एक आढे बसते. केवळ स्वस्तपणात आपण त्या कारखान्याशी टक्कर देऊ शकणार नाही.

परंतु नैसर्गिक तेलास मागणी आहे ती त्यातील जिरॅनिऑलबरोबर येणाऱ्या ॲसिटेट, लिनॅलूल आदी सोबत्यांमुळे, आणि ते वनस्पतीपासूनच आलेले आहे ह्या खात्रीमुळे. ही खात्री हेच आपले भांडवल आहे. जो रॉकेलचा एक मग मिसळतो किंवा कृत्रिम जिरॅनिऑल ओतून टक्केवारी वाढवितो, तो आपलेच भांडवल जाळतो. कारण मग त्याच्या तेलात आणि कारखान्याच्या मालात फरक उरत नाही, आणि त्या सामन्यात कारखाना जिंकणार हे ठरलेले आहे. एका भट्टीची लबाडी साऱ्या खोऱ्याच्या नावास बट्टा लावते. भेसळीविरुद्धचे माझे म्हणणे नीतीचे आहेच, पण ते हिशेबाचेही आहे.

ह्याच कारणास्तव चांगली काळी, ओलिताची जमीन ह्या पिकाखाली घाईने आणावी, असे मी म्हणणार नाही. पाणी दिल्यास रोशाच्या वर्षातून ३ ते ४ कापण्या मिळतात हे खरे. पण त्या जमिनीतील इतर पिकांच्या उत्पन्नाशी तुलना करून मगच निर्णय घ्यावा. हलकी, मुरमाड, उताराची, निचऱ्याची जमीन हे ह्या गवताचे खरे घर आहे. एकदा लावलेले पीक ४ वर्षांपर्यंत चांगले उत्पन्न देते आणि त्याच्या ठोंबांमुळे उतारावरील माती धरून राहते. जेथे दुसरे काही नीट येत नाही तेथे हे गवत दोन पैसे देते, हाच त्याचा मोठा गुण आहे.

अगोदर भट्टी, मग रोपे

शेवटी माझ्या कार्यकर्त्या बंधू-भगिनींना दोन शब्द. नव्या पिकाचा प्रचार करताना आपला हिशेब बहुधा हेक्टरांत असतो. शेतकऱ्याचा हिशेब रुपयांत असतो. रोशाचे गवत गवत म्हणून बाजारात विकले जात नाही. ते दूरवर नेणेही परवडत नाही, कारण टनभर ओझ्यात तेल चार-पाच किलोच असते. म्हणून ज्या गावाच्या टापूत भट्टी नाही आणि भट्टीस पाणी नाही, त्या गावी रोपे वाटणे म्हणजे शेतकऱ्यास अडचणीत घालणे होय. अगोदर खरेदीदाराशी बोलावे, मग भट्टीची सोय पाहावी, मग खात्रीचे बी आणावे आणि सर्वांत शेवटी क्षेत्र ठरवावे. आपण हा क्रम पुष्कळदा उलटा लावतो, आणि उभे पीक फुलून वाळून गेल्यावर शेतकऱ्यासमोर जाण्यास आपलेच पाय कचरतात.

येत्या हंगामात प्रत्येक रोशा उत्पादक गटाने एवढे तरी करावे : कापणीची तारीख, गवत कोणत्या जागेचे, भरणा किती तास चालला आणि तेल किती निघाले, ह्यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि त्या घाण्याच्या नमुन्याच्या बाटलीवर तोच क्रमांक लिहावा. तपासणीचा आकडा आला म्हणजे तो वहीत त्याच ओळीस लिहावा. दोन-तीन हंगामांत ही वही गावाची शाळा होईल. आपले गवत केव्हा कापावे, हे मग कोणा पाहुण्यास विचारावे लागणार नाही, आणि आपल्या तेलाची किंमत काय, हेही विकत घेणाऱ्यालाच विचारण्याची पाळी येणार नाही.